यहाँ रोज तरस आता है

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या ओळखीचं कुणी हे वाक्य वाचलं तर हसेल, कारण ही गोष्ट त्यांनी माझ्याच तोंडून दहा-दहा वेळा ऐकली आहे. मराठी मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये रविवारचे पोहे खाताना. बाबांच्या हिंदीची गोष्ट. मी ती चांगली सांगतो. कुठे थांबायचं, कुठे बाबांचा आवाज काढायचा, सगळं बसलेलं आहे.

पण ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे — त्यातलं प्रत्येक वाक्य त्या दिवशी खरंच बोललं गेलं. तरीही खोटी आहे.

आधी ती नेहमीसारखी सांगतो. आम्ही फरीदाबादला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. सोसायटीमागच्या रानातून एक जनावर यायचं, त्यावरून मीटिंग भरली. बाबा जुन्नरकडचे. वीस वर्षं इथे काढूनही हिंदी बेताचं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "देखिए, यहाँ रोज तरस आता है." आपल्याकडे तरस म्हणजे ते पट्ट्यापट्ट्यांचं जनावर. हिंदीत तरस म्हणजे दया; ती 'येते'ही आणि लोक ती 'खातात'ही. बाबा सांगत होते की इथे रोज तरस येतं. लोकांना ऐकू आलं की यांना इथे रोज दया येते. मग जो हशा पिकला, त्याचं वर्णन करून मी गोष्ट संपवतो. लोक डोळे पुसतात. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी घरात अशी एखादी गोष्ट असते, म्हणून त्यांना ती स्वतःचीच वाटते.

गेल्या गणपतीत मात्र एक मुलगी हसली नाही. बीडकडची, राजेंद्रनगरात खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करणारी. हशा ओसरेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "पण काका, तुम्ही तर इथेच शिकलात ना? तरसाला हिंदीत लकडबग्घा म्हणतात, हे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

कुणीतरी म्हणालं, "हिचा इंटरव्ह्यूचा सराव चाललाय, बिल्कुल सोडणार नाही ही." पुन्हा हसले सगळे. मीही हसलो. हातातला मोदक तसाच राहिला. तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इतका साधा प्रश्न — बाबांनीही नाही.

म्हणून आता सांगतो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

*

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बाबा ट्रॅक्टरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिल्यावर सोसायटीत स्वतःचं घर झालं होतं. चार मजली इमारती, भोवती भिंत, भिंतीपलीकडे कीकरचं, म्हणजे बाभळीचं, काटेरी रान, मग दगडाच्या खाणी, मग अरवलीचा डोंगर. डोंगर आम्ही म्हणायचो. बाबा त्याला टेकाड म्हणत. सह्याद्री पाहिलेल्या माणसाने आणखी काय म्हणावं?

पहिल्या वर्षी निम्मे फ्लॅट रिकामेच होते. पाण्याच्या टाकीवर मोर बसायचे. सकाळी दूध आणायला उतरलो की गेटपाशी नीलगाय उभी, आणि चौकीदार तिला हात जोडून म्हणतोय, "चल माता, आगे चल, मेरी नौकरी खाएगी क्या." मे महिन्यात आंधी यायची. आधी आभाळ पिवळं, मग तपकिरी, मग आईचा आवाज — खिडक्या, अरे खिडक्या लावा. आंधी उतरली की उशीत, पिठात, दातांत खाणीची भुकटी. पण त्यानंतर अर्धा तास जी गार हवा सुटायची... सगळी सोसायटी गच्चीवर यायची. कुणी टरबूज कापायचं. तेव्हा कुणाचं आडनाव काय हेही नीट माहीत नसायचं आणि फाक मात्र हातात यायची. त्या गच्चीची आठवण आली की मला अजूनही बरं वाटतं. मग पुढचं आठवतं.

सगळंच नवं होतं तेव्हा. त्याच वर्षी भिंतीच्या अलीकडे केबल आली आणि पलीकडे साळिंदर. सिनेमातल्यासारखं फर्निचर दुकानांत दिसायला लागलं होतं. नोएडात परदेशी नावांच्या कंपन्या उघडत होत्या. मी बावीस वर्षांचा, डिप्लोमा करून घरी बसलेला. मला भिंतीच्या अलीकडचं सगळं हवं होतं. बाबांना पलीकडचं.

भिंतीला मागच्या बाजूला एक खिंडार होतं, ठेकेदाराने बांधायचं ठेवलेलं. त्यातून बाहेर पडलं की राडारोड्याचा ढीग आणि सोसायटीचा कचरा. त्याच्या पुढे वीसेक पावलांवर डोंगराकडून येणारी जनावरांची वाट. तिथे बाबांनी एक पट्टा केला होता. बांधकामातून उरलेली बदरपूर, म्हणजे इकडची ती लालसर जाड वाळू, आईच्या जुन्या चाळणीने चाळून वाटेवर आडवी अंथरली होती. रोज संध्याकाळी खराट्याने ती सारखी करायची आणि सकाळी चहाचा कप हातात घेऊन वाचायची. बाबा तिला पाटी म्हणत. "पाटी पुसून येतो," असं सांगून जात. पेपर नंतर, आधी पाटी.

"हे बघ, साळिंदर. काटे ओढत गेलंय. हे मुंगूस, घाईत होतं. हा मोर — मोर कसला, लांडोर. आणि हे आपलं तरस."

तरसाचा ठसा मलाही ओळखता यायला लागला होता. पुढचा पंजा मोठा, मागचा लहान, नखं उमटलेली. आमच्या तरसाच्या मागच्या डाव्या पायाला एक बोट नव्हतं. बाबा त्याला 'आपलं' म्हणायचे, जसं कारखान्यातल्या एखाद्या जुन्या मशीनला म्हणावं.

मला लाज वाटायची. पायजम्यात उकिडवे बसून वाळूकडे बघणारे बाबा गच्चीवरून सगळ्यांना दिसायचे. "अंकल रोज सुबह वहाँ क्या ढूँढते हैं यार?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "एक्सरसाइज." पण ऐकत होतो सगळं. घोरपड, उदमांजर, साळिंदर — हे मराठी शब्द मला त्या पाटीवरून आले. हिंदीतले शाळेतून आधीच आलेले होते. गोह, साही, नेवला. आमच्या घरात मी एकटाच असा होतो, ज्याला दोन्हीकडचे शब्द यायचे.

एका जानेवारीत बाबा मला डोंगराकडे घेऊन गेले. बंद पडलेल्या खाणीच्या कडेला, एका खडकाखाली तरसाची गुहा होती. समोर हाडांचे तुकडे, आणि खडूसारखी पांढरी विष्ठा. आम्ही लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसून राहिलो. ऊन उतरल्यावर ते बाहेर आलं. पुढून उंच, मागून बसकं — सपाटीवरही चढ चढतंय असं वाटावं. मानेवर उभे केस. त्याने आमच्या बाजूला एकदा पाहिलं आणि ते खाली उतरलं.

बाबा हळूच म्हणाले, "ह्याला लोक उगाच घाण म्हणतात. दुसऱ्यानं मारलेलं, कुणी टाकलेलं, मेलेलं — ते हे उचलतं. जिवंताच्या वाटेला जात नाही. ह्याच्याइतकं गरीब जनावर नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला दाखवलं. कुणाला सांगू नकोस. आईलाही नको."

मी हो म्हणालो होतो.

*

आमच्या वरच्या मजल्यावर भाटिया राहायचे. भाटिया अंकल मनाने मोठा माणूस. त्यांच्या ओळखीने मला नोएडातल्या टीव्हीच्या नव्या कंपनीत काम लागणार होतं. त्यांच्याकडे मिनी होती — पांढरी, केसाळ, बुटकी पॉमेरेनियन कुत्री. गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला घुंगरू. लुधियानाला लग्न होतं म्हणून ते तीन दिवस गेले आणि चावी व मिनी माझ्याकडे देऊन गेले. जाताना भाटिया आंटी म्हणाल्या, "बेटा, ये मेरी तीसरी बेटी है." अंकल म्हणाले, "लौटकर तुझे खुद ले चलूँगा, सोमवार को. शर्ट प्रेस करवा ले."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी मिनीला घेऊन खाणीच्या रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. आणखी एका ठिकाणी अर्ज केला होता, त्याची चौकशी करायची होती. पलीकडून पत्ता सांगायला लागले. लिहायला हात मोकळा हवा म्हणून मी मिनीची साखळी मनगटावरून काढून स्टुलावर ठेवली. रस्त्यावरून दगडाचा डंपर गेला. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा मिनी रस्त्यात होती. तिचा आवाजही आला नव्हता. डंपरवाल्याला कळलंही नसेल. बूथवाला आत दुसऱ्या कुणाचा नंबर फिरवत बसला होता. कुणीच पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात तुझा काय दोष? मीही तेच म्हणतो. एवढंच असतं तर आंटी रडल्या असत्या, अंकल चार दिवस बोलले नसते, आणि मग कधीतरी म्हणाले असते, चलो, जो होना था हो गया. त्यांच्यासारखी माणसं माफ करतात. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. पण मनात होता सोमवार.

बूथमागे सिमेंटची रिकामी पोती पडली होती. एका पोत्यात मिनीला घातलं. गेटमधून कसं जाणार? रानातून आडवा आलो, जनावरांची वाट ओलांडली आणि भिंतीजवळच्या राडारोड्यामागे पोतं रिकामं केलं. साखळी काढून घेतली. पट्टा तिच्या गळ्यातच राहिला — लक्षातच आलं नाही. वळून पाहिलं तर बाबांच्या पाटीवर माझे बूट उमटले होते, आणि शेजारी पोतं टेकल्याची एक लांब रेघ.

खिंडारापाशी खराटा ठेवलेला असायचा. मी पाटी पुसली.

सकाळी बाबा चहा घेऊन गेले ते जरा वेळाने खिंडारातूनच मला हाक मारायला लागले. मी गेलो. मी डावखुरा आहे. खराट्याच्या रेघा उलट्या दिशेने पडल्या होत्या.

"पाटी तू पुसलीस?"

"हो. तुम्हाला यायला उशीर झाला होता म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. पण त्यांचा चेहरा उजळला होता. एरवी न बोलणारा माणूस — घरी जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "ऐकलंस का, काल पोरानं पाटी पुसली." आई म्हणाली, "बरं झालं, आता तुम्ही दोघं मिळून वाळू चिवडा." ते हसले. दिवसभर त्यांचा तो आनंद मी घरात बघत होतो. त्याच्याइतकी शिक्षा मला नंतर कधी झाली नाही.

पण त्याआधी, पाटीपाशी, त्यांनी मला आणखी काही दाखवलं होतं. "हे बघ. येतानाचा ठसा हलका आहे. आणि परत जाताना — कसा रुतलाय. काहीतरी उचलून नेलंय आपल्या तरसानं."

त्यांनी बरोबर वाचलं होतं. आणि मला माझी गोष्ट मिळाली. बाबांनीच दिली.

भाटिया परत आले तेव्हा मी ती सांगितली. मिनीला फिरवत होतो, खिंडारातून जनावर आलं, माझ्या डोळ्यांदेखत तिला उचललं, मी दगड मारत मागे धावलो. पुढून उंच, मागून बसकं, अंगावर पट्टे, मानेवर उभे केस. इतकं नीट वर्णन, की कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. आंटी जिन्यातच खाली बसल्या. अंकल माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू तो ठीक है ना बेटा?"

घरी बाबांनी एकदाच विचारलं, "जिवंत उचललं? तू बघितलंस?"

"हो."

"कमाल आहे," म्हणाले. खोटं बोलतोस असं नाही. कमाल आहे, असं.

*

रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीखाली मीटिंग भरली. लहान मुलांच्या आया पुढे बसल्या होत्या. कुणी म्हणत होतं चित्ता आहे, कुणी म्हणत होतं भेड़िया. आज कुत्री उचलली, उद्या मूल उचलेल. भिंत बांधून घेऊ, पण आधी ते जनावर मारा. मी भाटिया अंकलच्या शेजारी बसलो होतो, साक्षीदार म्हणून.

बाबा मीटिंगमध्ये कधी बोलत नसत. त्यांना कारखान्यात लागणारं हिंदी येत होतं, आणि जनावरांचं हिंदी कारखान्यात लागत नाही. तरी ते उठले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"देखिए," ते म्हणाले. "यहाँ रोज तरस आता है. पहले से आता है. तरस किसी को कुछ नहीं करता."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग डोळे अजून लाल असलेले भाटिया अंकल म्हणाले, "भाईसाहब, हमारी मिनी पे तो नहीं आया."

तेव्हा हसले लोक. बाबांना कळेना, हसले कशाला. त्यांना वाटलं, मुद्दा पोचला नाही. ते पुढे म्हणाले, "नहीं, नहीं. तरस मरा हुआ खाता है. जिंदा नहीं खाता."

"गाडेकरसाब, तरस तो सभी खाते हैं," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी मोठा हशा. पुढच्या रांगेतल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

इथपर्यंतची गोष्ट मी नेहमी सांगतो. नेहमी इथेच थांबतो.

बाबा माझ्याकडे वळले. गर्दीतून, मराठीत, अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "अरे, तरसाला हिंदीत काय म्हणतात रे? सांग ना यांना."

मला माहीत होतं. तिसरी-चौथीच्या पुस्तकात चित्र होतं, खाली नाव होतं. शब्द तोंडात आला होता. पण तो शब्द लोकांना कळला असता तर बाबांचं पुढचं वाक्यही कळलं असतं. मेलेलंच खातं. म्हणजे मिनी आधीच मेलेली होती. मग ती मेली कशी? आणि साक्षीदार तर मी.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी मला विचारलं, "बेटा, पापा कहना क्या चाहते हैं?"

लहानपणापासून मीच बाबांचं हिंदी होतो. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत. मी त्यांचं बोलणं इकडचं तिकडे करायचो आणि त्यांनी कधी वळून तपासलं नव्हतं. मी म्हणालो, "कुछ नहीं अंकल. कह रहे हैं, उन्हें जानवर पर तरस आता है."

लोकांनी माना हलवल्या. भला माणूस आहे, असं. बाबांना वाटलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाणीवरचे चार मजूर बोलावले. जनावर कुठे राहतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकाला सोडून. वाट मी दाखवली. बाबा कारखान्यात होते.

गुहेच्या तोंडाशी मिनीचा लाल पट्टा सापडला. भाटिया अंकलनी तो उचलून झटकला. घुंगरू अजून वाजत होतं. "लड़का सच बोल रहा था," कुणीतरी म्हणालं. मग मजुरांनी कीकरच्या फांद्या आणि ओला पेंढा आत कोंबला, पेटवला आणि तोंडावर दगड रचले. धूर फटींतून येत राहिला. मी त्याच जागी उभा होतो, जिथे जानेवारीत बाबांबरोबर बसलो होतो. आतून एकदा आवाज आला. लोक म्हणतात तरस हसतं. ते हसणं नव्हतं. कुणी म्हातारं माणूस खोकावं, तसा तो आवाज होता. परत आला नाही.

बाबांना संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि सकाळीच गेले. दुपारी परतले तेव्हा दोन्ही हातांची बोटं सोलली होती. आईने काही न विचारता हळद लावली. मी जेवत होतो. बाबा समोर बसले आणि म्हणाले, "मादी होती."

आत आणखी काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. वाट कुणी दाखवली, हे त्यांनीही कधी विचारलं नाही. खाणीच्या त्या बाजूला मी पुन्हा कधी गेलो नाही.

*

पुढच्या सोमवारी भाटिया अंकल मला नोएडाला घेऊन गेले. त्या कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली. आमचं घर, मुलीचं शिक्षण, सगळं तिथलं. खिंडार बांधून झालं. बाबांनी पाटी पुसणं सोडलं. आंधी आली, वाळू उडून गेली. आता तिथे उंच टॉवर आहेत आणि रात्रभर दिवे.

हसण्यावारी ही गोष्ट पहिल्यांदा कुणी नेली ठाऊक आहे? बाबांनीच. त्या वर्षीच्या गणपतीत. स्वतःची नक्कल करून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "माझ्या हिंदीनं एक जीव घेतला हो." लोक हसत होते म्हणून तेही हसले. मग हळूहळू ती मी सांगायला लागलो. मी सांगताना ते शेजारी बसलेले असायचे. हशा संपला की खालच्या आवाजात एक वाक्य जोडायचे — "तेवढा एक शब्द आला असता तर वाचलं असतं." लोक म्हणायचे, जाऊ द्या हो काका. मीही म्हणायचो. जाऊ द्या ना बाबा. बावीस वर्षं म्हणत राहिलो. ते गेले त्यालाही आता आठ वर्षं झाली.

शब्द सांगितला असता तरी लोकांनी मारलंच असतं का? हा विचार मी पुष्कळदा करून पाहिला आहे. तो माझ्या उपयोगाचा आहे, म्हणूनच मला तो करायचा नाही.

आणखी एकच सांगायचं राहिलं आहे. मी कामाला लागलो त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी चार्टर्ड बसने घरी आलो तर बाबा जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते. शेजारी लहान मुलांचं हिंदीचं पुस्तक, बाजारातून आणलेलं. चित्रांचं. वहीच्या पानावर मधोमध पट्टीने रेघ मारली होती, ड्रॉइंगला मारतात तशी. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. साळिंदर, साही. मुंगूस, नेवला. घोरपड, गोह. पंचावन्नाव्या वर्षी, सुलेखनासारख्या अक्षरात. बोटांवरच्या खपल्या अजून पडलेल्या नव्हत्या.

"पुन्हा कधी वेळ आली तर," ते म्हणाले. "जरा बघ रे, बरोबर लिहिलंय का सगळं."

मी वरून खाली वाचत गेलो. पहिलीच ओळ तरसाची होती. समोर त्यांनी लिहिलं होतं — लकडबग्घा. ड-खालचं टिंब राहिलं होतं. मराठीत ते टिंब नसतं, त्यांना कसं माहीत असणार?

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि टिंब दिलं. लकड़बग्घा.

"तुझं हिंदी पक्कं हो," बाबा म्हणाले, आणि वही मिटून जपून कपाटात ठेवली.